हन्नामावशीच्या आंब्याची वायरीकडची फांदी

लोणच्याच्या कैऱ्या काढायचा दिवस जवळ आला, की निडी गावातली सुरभी सारखी वर बघत राहायची. शेजारच्या हन्नामावशीचा रायवळ आंबा वाढत वाढत अकरा हजार व्होल्टच्या विजेच्या तारांत शिरला होता, आणि कैऱ्यांचे भरगच्च घोस नेमके तिकडच्याच फांदीला.

कैऱ्या काढायचा मान सुरभीच्या नवऱ्याचा, शिवाचा. रोह्याच्या कंपनीतून त्याने ॲल्युमिनियमचा लांब पाइप आणून टोकाला झेल्याची, म्हणजे कैरी अलगद झेलायची, जाळी बांधली होती. "बांबूपेक्षा निम्मं वजन," असं म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उचलून बघायला देई.

"अहो, तार किती जवळ आहे, बघा तरी."

"पायात रबरी चप्पल हाय ना? दोन वर्षं काढतोय. पेणच्या कॉलेजात घाबरायचं पण शिकवतात काय गो?"

सुरभी हसली नाही. वीज मंडळाला कळवू म्हटलं, तर हन्नामावशी अंगावर येई. "पलीकडच्या केरूच्या दारात आलेली ना मंडळाच्या कंत्राटदाराची माणसं? फणसाचा नुसता खांब करून गेली. मेला तो फणस. हा आंबा माझ्या घरधन्यानं, एझ्रानं लावलाय. तो गेला, आरोन-डेव्हिड इस्रायलला गेले. आता दारात माझं म्हणायला हाच हाय." त्याच कैऱ्यांचं लोणचं दरवर्षी मुलांकडे जाई. त्या फणसानंतर आळीत कुणीच मंडळाला कळवत नसे.

शिवाची सुट्टी रविवारी, कैऱ्या तेव्हाच काढायच्या होत्या. बुधवारीच सुरभीने आपल्या लहानग्या पोरीला कडेवर घेतलं, रोहा गाठलं आणि मंडळाच्या ऑफिसात अर्ज देऊन आली. घरी कुणाला बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी लाइनमन हिरामण दोन माणसं आणि शिडी घेऊन दारात उभा. त्या दिवशी शिवा दुसऱ्या शिफ्टला, म्हणून घरीच होता.

"अर्ज कुणाचा?"

"माझा," सुरभी म्हणाली.

हन्नामावशीने तिच्याकडे पाहिलं. "तू गो? बाळंतपणात माझ्या हातची पेज खाल्लीस, आणि तू?" मग ती खोडाला पाठ लावून उभी राहिली. "आधी मला कापा."

हिरामणने करवत खाली ठेवली. "आजी, झाड तोडायला नाय आलो. ती फांदी बघा. शेंड्याची पानं तांबडी का झालीत?"

"रोग हाय. शिवानं औषध फवारलंय."

"रोग एकाच फांदीला? आणि तो पण तारेकडल्याच शेंड्याला? भाजलीत ती. वारा सुटला की फांदी तारेला लागते. आत ओला रस, त्यातून वीज खाली उतरू शकते." मग तो शिवाकडे वळला. "आणि हा पाइप. तारेला टेकायलाही नको. नुसता जवळ गेला तरी वीज झेप घेते. चप्पल काय करणार तिथं?"

शिवाने पाइपाकडे, मग वरच्या तारेकडे पाहिलं. म्हणाला, "गेल्या साली वरच्या घोसाला हात घातलेला. हातभर राहिली होती तार."

सुरभीने पोरीला छातीशी आवळलं.

"त्या घोसाला बोट मीच दाखवलेलं," हन्नामावशी हळू म्हणाली. "'तो पण काढ रे' म्हटलं. माझ्या लोणच्यापायी या पोरीचा बाप गेला असता!"

ती खोडापासून बाजूला झाली. "पण त्या फणसासारखं नको हां."

"नाय आजी. तारेकडच्या दोनच फांद्या, जिथून फुटल्यात तिथूनच साफ काढायच्या. मधेच तोडलं तर झुबका फुटतो आणि परत तारेत जातो. बाकी झाड जसंच्या तसं. दर साल पावसाआधी कळवा, म्हणजे थोडक्यात भागेल. स्वतः मात्र कुणी चढू नका."

"मग दिवेलागणीच्या आत आटपा. माझा शब्बाथ लागतो, मग उद्या सांजपर्यंत काम बंद."

हिरामणने सबस्टेशनला कळवून लाइन बंद करून घेतली, खात्री केली, तारांना अर्थिंग लावलं, आणि मगच करवत चालली. दोराने बांधलेल्या फांद्या हळूहळू खाली आल्या. "सांभाळून रे, कैऱ्या फुटतील," हन्नामावशी खालून हुकूम सोडत होती. दोन पाट्या भरल्या. एक तिने सुरभीच्या ओटीवर ठेवली. "रागावले गो तुझ्यावर. तुझंच बरोबर होतं."

पुढच्या आठवड्यात केरू फणसाच्या जागी, तारांच्या खालीच, आंब्याचं कलम लावायला खड्डा खणत होता. हन्नामावशीने त्याच्या हातातली पहार धरली. "इथं लिंबू लाव, ते बुटकं राहतं. आंबा मागल्या परड्यात ने. वर बघून खण रे बाबा!"

आपल्या दारचं झाड कुणी बोडकं करील, या भीतीने आपण गप्प बसतो. त्या गप्प बसण्यातच कधी झाड जातं, कधी माणूस. वेळेवर कळवलं, लाइन बंद करून जाणत्या हाताने छाटून घेतलं, तर झाडही राहतं आणि त्याच्या सावलीत बसणारी माणसंही.