शून्यावरचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनं रीळ आहे. गळाच्या काठीवर बसतं आणि पोटात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गुंडाळून ठेवतं, ते रीळ. माझ्या पाठीवर एक पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर काळ्या शाईने 'बिघडलेलं' असं लिहिलं आहे. ते खरं नाही. पण मला हात नाहीत, म्हणून ती पट्टी मी काढू शकत नाही. मोठी माणसं वस्तूंचं ऐकत नाहीत, म्हणून त्यांना सांगूही शकत नाही. तुम्ही ऐकता, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड चष्मा लावलेल्या एका बाईने माझ्या पोटात चकरी बसवली, दोन थेंब तेल सोडलं, चकरीला टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं. मी अजिबात न खरखरता बराच वेळ फिरलो. तिने मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. तिचं नाव मला कधीच कळलं नाही, पण पहिली शाबासकी तिची.

तिथून मी अमेरिकेतल्या अलाबामात, एका मोठ्या तळ्याकाठच्या दुकानात आलो. शेजारी सोनेरी, लाल, चकचकीत रिळं होती आणि मी साधा करडा. एका शनिवारी कागदाच्या गिरणीतले दोन कामगार आत आले. उंच, कमी बोलणारा तो व्हर्लन. त्याच्यामागे उकडलेल्या शेंगा खात आला तो हॉइट, त्याचा शेजारी आणि बोटीतला जोडीदार. दुकानदार सोनेरी रीळ पुढे करत होता, पण व्हर्लन एकेक रीळ हातात घेऊन डोळे मिटायचा आणि चकरीवर अंगठा टेकवून बघायचा.

"लग्नाच्या वेळी इमोजीनलासुद्धा एवढं न्याहाळलं नव्हतंस," हॉइट म्हणाला.

"तिने मला निवडलं होतं. इथे निवडायची पाळी माझ्यावर आलीय."

माझ्यावर अंगठा टेकवल्यावर मात्र तो थांबला. मी फिरलो, त्याने मला थांबवलं. पुन्हा फिरलो, पुन्हा थांबवलं. "हे," तो एवढंच म्हणाला. मित्रांनो, त्या एका शब्दावर मी पुढची तीसेक वर्षं काढली.

आमच्या जातीच्या रिळांचं सगळं अंगठ्यावर असतं. काठी झटकली की आमिष सुटतं, त्याच्यामागे तंगूस धावतो आणि माझी चकरी भिंगरीसारखी फिरू लागते. आमिष पाण्यात पडलं तरी चकरीला ते कळत नाही, ती फिरतच राहते. नेमक्या त्या वेळी तिच्यावर अंगठा हळूच टेकवावा लागतो. जरा उशीर झाला की तंगूस आतल्या आत उसळतो आणि असा गुंता होतो की सोडवणारा रडकुंडीला येतो. आमच्या तळ्यावर त्याला 'घरटं' म्हणतात. घरटं नवशिक्यांचं होतं. त्यांच्यासाठी माझ्या कुशीला ब्रेकची एक चकती आहे, तिच्यावर शून्य ते दहा आकडे आहेत. ब्रेक वाढवला की चकरी संथ फिरते, पण आमिषही लांब जात नाही.

व्हर्लनने ती चकती पहिल्याच दिवशी शून्यावर नेली आणि तिथेच ठेवली. हॉइट आपली तीनवर ठेवायचा आणि त्यावरून रोज बोलणी खायचा.

"हॉइट, कधीतरी हँडब्रेक काढून गाडी चालव."

"तुझ्या घरट्यात अंडी झाली की सांग, न्याहारीला येतो."

पण व्हर्लनचं घरटं कधी व्हायचंच नाही. तो आमिष निवडायचा तेही सगळ्यात हलकं, बोटभर रबरी गांडूळ. नितळ पाण्यातला बास मासा मोठा संशयी असतो, जड काही धपकन पडलं की तो पसार होतो. व्हर्लन ते गांडूळ पडक्या झाडाच्या फांद्यांखाली असं ठेवायचा की पाण्यावर नीट वलयही उठायचं नाही. तंगूस सुटताना मी एक बारीक शीळ घालायचो. धुक्यात बोट दिसत नसली तरी लोक नुसत्या त्या शिळेवरून म्हणायचे, "व्हर्लन आलाय आज." दर ऑक्टोबरात तळ्यावर जोड्यांची स्पर्धा असायची. मासे वजन करून परत पाण्यात सोडत आणि संध्याकाळी चर्चच्या अंगणात तळलेल्या मांगूर माशांची पंगत बसे. दोघं तिथे मला काठीसकट टेबलाला टेकवून ठेवायचे आणि लोक मला बघून जायचे. व्हर्लन दर हिवाळ्यात मला उघडायचा, पुसायचा, तेल द्यायचा. माझं खरंच फार बरं चाललं होतं.

मग एका जानेवारीत व्हर्लनला अर्धांगाचा हलका झटका आला. तो लवकर घरी आला, चालू लागला, बोलू लागला, गाडीसुद्धा चालवू लागला. हॉइटला, चर्चमधल्या लोकांना, सगळ्यांना त्याने सांगितलं की आता काही राहिलेलं नाही.

पण राहिलं होतं, आणि ते पहिल्यांदा मला कळलं. एप्रिलमध्ये त्याने मला उचललं तेव्हा त्याचा उजवा अंगठा माझ्या चकरीवर आला आणि नुसता पडून राहिला, पिशवीतल्या बटाट्यासारखा. तो हलत होता, पण त्याला काही जाणवत नव्हतं. व्हर्लनने काठी झटकली, गांडूळ सुटलं, पाण्यात पडलं. मी वाट बघत होतो अंगठा टेकण्याची. तो टेकला, पण फार उशिरा. माझ्या पोटात आयुष्यातलं पहिलं घरटं झालं.

हॉइट बोटीच्या दुसऱ्या टोकाकडून वळून बघत होता.

"काय झालं रे?"

व्हर्लन म्हणाला, "रीळ गेलं वाटतं. जुनं झालं."

मित्रांनो, मला त्या वेळी फार लागलं. मी तर कारखान्यातल्या त्या पहिल्या दिवसासारखाच फिरलो होतो.

त्या उन्हाळ्यात व्हर्लन जड आमिषं निवडू लागला. शिशाचं डोकं असलेली, लोखंडी पात्यांची. जड आमिष तंगूस ताणून धरतं, त्यामुळे गुंता जरा कमी होतो. पण उथळ, नितळ पाण्यात ती धप्प करून पडायची आणि मासे पळून जायचे.

"मासे धरतोयस की दगड मारून हाकलतोयस?" हॉइट म्हणाला. "तुझं गांडूळ कुठे गेलं?"

"कंटाळा आला त्याचा."

"अरे, हा कंटाळा डबाभर मासे घालवणार आपले."

व्हर्लनने पुढचं जड आमिष गळाला लावलं. मग एका सकाळी तो एकटाच घरामागच्या लाकडी धक्क्यावर आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या ब्रेकची चकती फिरवायला घेतली. इतकी वर्षं ती हलली नव्हती, त्यामुळे घट्ट बसली होती. त्याने ती डाव्या हाताने, दात आवळून, शून्यावरून थेट दहावर नेली. ज्याने हॉइटची आयुष्यभर टिंगल केली त्याने. मी मनातल्या मनात म्हटलं, आता तरी जमू दे. गांडूळ जवळच पडलं आणि तरीही घरटं झालं. ब्रेक चकरीला संथ करतो, पण शेवटी तिला थांबवावं अंगठ्यानेच लागतं. त्याने पुन्हा पुन्हा फेकून पाहिलं, आणि मी पुन्हा पुन्हा गुंतलो. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी अडून बसायचा प्रयत्न केला, म्हणजे दोष खरोखर माझ्यात निघाला असता. पण चांगलं बनवलेल्या वस्तूला बिघडायचं म्हटलं तरी बिघडता येत नाही.

तो मला स्वयंपाकघरात घेऊन आला आणि टेबलाशी बसून कात्रीने गुंता कापू लागला. इमोजीन टोमॅटो चिरत होती. तिने सुरी बाजूला ठेवली.

"अंगठ्याला काय झालंय?"

"काही नाही."

"भाजलाय, व्हर्लन. फोड आलाय एवढा. सकाळी तव्याला लागला असणार आणि तुला पत्तासुद्धा नाही." ती त्याच्यासमोर बसली. "सांगून टाक ना हॉइटला. तो काय तुला खाणार आहे?"

"खाणार नाही. माझ्याशी हळू बोलायला लागेल."

"म्हणजे?"

"माझ्या थोरल्या भावाचं आठवतं ना? आजारी पडल्यावर लोक त्याच्याशी कसं बोलायचे? एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने. हॉइटसुद्धा तसाच बोलायचा. चांगल्या मनाने बोलायचा, पण पुन्हा कधी टिंगल केली नाही त्याने त्याची." व्हर्लनने कापलेला तंगूस मुठीत गोळा केला. "हॉइटने माझी टिंगल सोडली ना, इमोजीन, तर मी बोट विकून टाकीन. मला नाही जायचं मग त्या पाण्यावर."

इमोजीनने फोडाला मलम लावलं, तेही त्याला जाणवलं नाही. मी टेबलावर पडून होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि माझ्याने काहीच होण्यासारखं नव्हतं.

ऑक्टोबरची स्पर्धा आली तशी हॉइटची चुळबुळ वाढली. एका रविवारी तो धक्क्यावर आला. व्हर्लन खुर्चीत बसला होता, इमोजीन चहा ओतत होती, बर्फ घातलेला, गोड.

"आण बघू ते रीळ," हॉइट म्हणाला. "उगाच रडत बसायचं. मी बघतो काय झालंय त्याला."

"राहू दे. त्यात काही राम नाही."

"अरे, राम आहे की नाही ते मी ठरवतो."

त्याने मला काठीसकट उचललं आणि धक्क्याच्या टोकाला गेला. मी व्हर्लनकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. हॉइटने अंगठा टेकवला, काठी झटकली आणि मी काय करणार, मित्रांनो, मी फिरलो. खरखर नाही, अडखळणं नाही. हॉइटच्या अंगठ्याने मला वेळेवर थांबवलं. गुंत्याचा मागमूस नव्हता.

मी निर्दोष ठरलो होतो. आयुष्यात एवढं वाईट मला कधीच वाटलं नाही.

व्हर्लन बुटांकडे बघत होता. हॉइट आमच्याकडे पाठ करून पाण्याकडे तोंड करून उभा होता. आमिष फारच जवळ पडलं होतं. माझं आमिष इतकं जवळ पडलेलं हॉइटने कधी पाहिलं नव्हतं. त्याने मान खाली घालून माझ्या कुशीकडे पाहिलं. चकती दहावर होती. व्हर्लनच्या रिळाचा ब्रेक दहावर. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.  वसंतापासूनचं सगळं त्याला एकदम उलगडलं असावं. ती जड आमिषं, तो कंटाळा, सगळं.

मग त्याने मागे न वळता, फक्त बोटाने, माझा ब्रेक दहावरून शून्यावर आणला. तंगूस गुंडाळला. काठी मागे नेली, जोरात झटकली, आणि ऐन वेळी अंगठा मुद्दाम वर उचलला.

असं घरटं त्या तळ्यावर कोणी पाहिलं नसेल. तंगूस माझ्या पोटातून भसाभस बाहेर आला आणि हॉइटच्या मनगटाला गुंडाळला गेला.

"मेलं हे," तो वळून म्हणाला. "पहिल्यांदा चुकून गेलं बघ. तुझं खरं आहे, यात काही राम नाही. आणि असलं रीळ घेऊन तू माझ्या बोटीत बसणार होतास, निर्लज्जा?"

व्हर्लनने वर पाहिलं.

"माझंही तसंच करतंय हल्ली," हॉइट म्हणाला. "आपण आपली ती बटणाची घेऊ या, बंद तोंडाची. पोरं वापरतात तसली. दाबायचं आणि सोडायचं. लोक हसतील, तर तुझ्याकडे बघून हसतील. माझं काय, मी आधीपासून हँडब्रेकवालाच."

"हँडब्रेकवाल्या, तुला ते बटण तरी सापडेल का?" व्हर्लन म्हणाला.  इमोजीन चहाचं भांडं घेऊन घाईने घरात गेली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. तिथे तसली दोनच उरली होती, एक हिरवं आणि एक गुलाबी. हॉइटने काही न बोलता गुलाबी आपल्या काठीला लावलं. बटण दाबायला जाणीव लागत नाही, नुसतं वजन पुरतं. त्यांना स्पर्धेत काही मिळालं नाही, पण लोक अजून हसतात आणि ते दोघं दर शनिवारी पाण्यावर असतात.

मला फळीवर ठेवायला व्हर्लन आला तेव्हा त्याने मला डाव्या हातात धरून उजेडात नेलं. त्याने ब्रेक पाहिला. त्याने स्वतः दहावर ठेवलेला ब्रेक शून्यावर होता. त्यालाही सगळं कळलं.  मग त्याने ती पांढरी चिकटपट्टी आणली, स्वतःच्या हाताने तिच्यावर 'बिघडलेलं' असं लिहिलं आणि माझ्या पाठीवर नीट दाबून बसवली.

दोघांनाही माहीत आहे, आणि दोघंही एकमेकांना ते कळू देत नाहीत. माझ्या पोटात हॉइटने केलेला तो गुंता अजून तसाच आहे. तेल वाळत चाललं आहे, दांड्यावर गंज चढतो आहे. इमोजीन जुन्या सामानाची खोकी भरते आहे, वसंतात ती अंगणात मांडून देऊन टाकणार आहे.

तेव्हा मित्रांनो, एखाद्या खोक्यात मी तुम्हाला सापडलो तर मला उचला. पट्टी वाचून मला टाकून देऊ नका. गुंता कापू नका, सावकाश सोडवा. दोन थेंब तेल द्या, टिचकी मारा आणि कान लावून ऐका. मी फिरेन. फक्त एक करा, मला या तळ्यावर आणू नका. दूर कुठल्या तरी दुसऱ्या पाण्यावर न्या. व्हर्लन शनिवारी इथेच असतो, हॉइटच्या शेजारी, आणि माझी शीळ तो धुक्यातूनही ओळखतो.