काढणार कधी?

आमच्या ह्यांना सरकारी पाणीपुरवठा कचेरीतून दरवर्षी एक दिवस काढून टाकायचे. अगदी रीतसर. अकरा महिन्यांचं कंत्राट संपलं की एक दिवस हा माणूस कचेरीचा कुणीही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवं कंत्राट, तेच टेबल, तीच खुर्ची. का, तर नोकरी सलग झाली की माणूस ‘मला कायम करा’ म्हणून मागे लागतो. कचेरीत त्याला ‘तांत्रिक खंड’ म्हणायचे. मी आपली खाडा म्हणायचे.

आणि हा खाडा पाळायचे कसा, तर डोळ्यांत तेल घालून. एका खाड्याला हे विसरलेला चष्मा आणायला गेले, तर रोज ह्यांच्याच डब्यातलं अर्धं खाणारा शिपाई विचारतो, “कोण हवंय आपल्याला?” तासभर बाकावर बसवलं. चष्मा म्हणे कर्मचाऱ्याचा आहे, तो उद्या आला की त्यालाच देऊ! मी असते तर त्या मेल्याची चांगली हजेरी घेतली असती. हे मात्र ठेचकाळत घरी आले आणि कौतुक काय करतात, “माणूस नियमाला पक्का आहे हं!”

पण माझा खरा राग होता तो ह्यांच्या त्या दिवशीच्या थाटावर. एरवी साहेब शिंकला तरी दचकून उभं राहणारं हे ध्यान खाड्याच्या दिवशी उशिरा उठायचं आणि आंघोळ करताना मोठमोठ्याने गायचं. “आज कुणी माझं काही वाकडं करू शकत नाही,” म्हणायचे. “काढलेल्या माणसाला काढणार कोण?”

आणि मी? मी घरी शिवणकाम करते. त्या दिवशी माझ्या हातून हमखास बाही उलटी लागायची. उद्या परत घेतलंच नाही तर? साहेबाचा भाचाच त्या खुर्चीवर बसला तर? दुसऱ्या दिवशी सही झाल्याचा फोन येईपर्यंत माझ्या पोटात अन्नाचा कण जात नसे. देवाकडे एकच मागणं होतं, ह्यांना कायमची नोकरी लागू दे आणि हा दिवस मला पुन्हा दाखवू नकोस.

शेवटी माझ्या धाकट्या भावाने त्याच्या खाजगी कंपनीत शब्द टाकला. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतात. काचेच्या भिंती, गरागरा फिरणाऱ्या खुर्च्या. मुलाखत संपताना तिथल्या साहेबाने विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?” तर हे विचारतात, “काढणार कधी?”

“ताई,” तिथेच बसलेला भाऊ मला नंतर म्हणाला, “मी टेबलाखाली शिरायचाच बाकी होतो!”

पण साहेब खूश. असा आत्मविश्वास त्याने म्हणे जन्मात पाहिला नव्हता. “काढायची तारीखच नाही,” तो म्हणाला, “तुम्ही कायम!”

मी जिन्यात उभं राहून चारही मजल्यांना ऐकू जाईल अशी बातमी सांगितली. ह्यांचं तोंड मात्र एवढंसं झालेलं. “तारीखच नाही म्हणजे काय गं?” असं दोनदा विचारलं मला.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. अकरावा महिना सरत आला तशी ह्यांची झोप उडाली. मग एका संध्याकाळी पिशवी भरून घरी हजर. कप, टॉवेल, खुर्चीवरची उशी. कपाटाच्या किल्ल्या दिल्या म्हणे परत, आणि प्रत्येक टेबलापाशी जाऊन नमस्कार करून आले. “उद्या मी नाही. परवापासून घेतलंत तर येईन.”

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाई गं, सुख बोचतं ते असं!

पण खाजगीवाल्यांचं डोकं निराळंच चालतं. त्यांना वाटलं, ह्यांना दुसऱ्या कंपनीने ओढलंय. रात्रीचं जेवण व्हायच्या आत साहेबाचाच फोन. पगार वाढवतो म्हणाला.

“पगाराचं काही नाही साहेब,” हे म्हणाले. “मला काढा.”

स्वतंत्र केबिन देतो.

“नको. नुसतं काढा.”

गाडी देतो!

मी समोरून डोळे वटारत होते, हाताने खुणा करत होते. ह्यांनी फोनवर हात ठेवला आणि अगदी रडवेल्या आवाजात मला म्हणाले, “अगं, हे काढतच नाहीयेत गं!”

तिकडे साहेब माझ्या भावाला सांगतो, “काय कसलेला गडी आहे! कशाने म्हणून बधत नाही.”

दुसऱ्या दिवशी हे गेलेच नाहीत. मला वाटलं, आता उशिरा उठतील, गातील. कसलं काय! पहाटेच उठून, इस्त्रीचे कपडे घालून पलंगाच्या कडेला बसून राहिले. “त्यांनी काढलं नाही, मीच गेलो नाही,” म्हणाले. “हा खाडा नव्हे. ही दांडी झाली.” तेव्हा मात्र मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. असंच चाललं तर लागलेली कायमची नोकरी हातची जाणार होती.

दुपारी कंपनीची एक मुलगी घरी आली. माणसं नेमायचं आणि सांभाळायचं खातं तिच्याकडे. मी तिला पाणीही न विचारता सुरू झाले, “ह्यांना तोंडावर एकदा स्पष्ट सांग, की बाबा, तू कायम आहेस, तुला कुणी काढत नाही. म्हणजे बसेल हा माणूस गुमान कामावर!”

ती पोरगी दमलेली दिसत होती. पर्स मांडीवर घेऊन माझ्या शिवणाच्या स्टुलावर बसली.

“काकू, कायम कोण असतं आमच्याकडे?” ती हळूच म्हणाली. “साहेबांच्या मनात आलं की कुणालाही काढतात, कधीही. मागे एक अख्खा विभाग चहाला खाली गेला होता. परत येतात तर दार उघडेना, कार्डंच बंद. मी स्वतः रोज सकाळी कार्ड लावते ना, तेव्हा मनात देवाचं नाव घेते.”

हे पलंगावरून उठले. “कधीही? म्हणजे आजसुद्धा काढतील?”

“आजसुद्धा.”

“उद्या?”

“काका, रोजच समजा.”

“अगं, ऐकलंस का? रोज!” असा उजळला चेहरा, की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. हे तडक न्हाणीघरात शिरले आणि बालदी वाजवत गायला लागले. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला पाणी दिलं, मलाही घेतलं.

आता हे तिथे मान वर करून वावरतात, साहेबाला तोंडावर उत्तरं देतात. साहेब त्यावर आणखीनच खूश. केबिनही मिळाली. पण घरी आणलेली ती खुर्चीवरची उशी परत नेली नाही, म्हणतात, “कशाला? आजच्या दिवसापुरता तर आहे मी.”

रोज सकाळी हे बूट घालत असताना मी विचारते, “कधी येणार?”

“नेहमीसारखाच. काढलं तर लवकर येईन, मग फिरायला जाऊ.”

आणि जातात शीळ घालत. मी मशीनवर बसते. भरदुपारी जिन्यावर पावलं वाजली की माझा पाय आपोआप थांबतो. पावलं आमच्या मजल्यावर येतात, क्षणभर रेंगाळतात. मग वर निघून जातात, आणि मी पुन्हा शिवायला लागते.