मुकुंदरावांच्या वस्तऱ्याचं रक्त

चिक्कपेटेतल्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. कैलासवासी मुकुंदरावांचा दाढीचा वस्तरा रक्त ओकतो, अशी बातमी अठ्ठावन्न सालच्या त्या आठवड्यात पेठभर झाली होती.

मुकुंदरावांच्या तसबिरीपुढं मांत्रिक गुंडोबुवांनी वस्तऱ्यावरच्या फडक्याची घडी उलगडली. पातं तांबडं, फडक्यावर ओले तांबूस डाग. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"आत्मा तान्हेला आहे," बुवा डोळे मिटून मुकुंदरावांच्या बायकोला, अंबुबाईंना म्हणाले. "अमावास्येला जोडीदारणीला न्यायला येणार. अक्का, पाटल्या उतरवा, मी त्याला अर्ध्या वाटेवरून परतवतो. रोजचं बोलणं आहे आमचं."

"बाबांशी?" मुलगी पद्मावती म्हणाली. "दाढी होईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत."

कुणी हसलं नाही. अंबुबाईंनी पाटल्यांना हातही लावला नाही. "बोलावतात तर जाते," त्या म्हणाल्या. त्यांनी अन्न सोडलं होतं, आणि अमावास्या परवावर आली होती.

पद्मावतीला भीती वाटली ती याची. बुवा खोटा होता. आई खरी होती.

वापरून झाला की बाबा वस्तरा कोरडा पुसत, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत, पात्याला तेलाचं बोट लावून फ्लॅनेलमध्ये गुंडाळत. जोडीतला दुसरा वस्तरा पेटीत अजून आरशासारखा होता. बुवा मात्र तसबिरीपुढच्या वस्तऱ्यावर रोज तीर्थ शिंपडून तो ओल्या फडक्यात बांधत. तिनं तांब्यातलं तीर्थ जिभेवर घेतलं. मीठ आणि लिंबू.

"बुवा, हा दुसराही बाबांचाच. यातून येईल रक्त?"

"नाही. आत्मा एकाच पात्यात बसतो."

"सरी, बरं तर."

या दुसऱ्या पात्यावर बाबांच्या हातचं शेवटचं तेल होतं. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिनं ते साबणानं धुऊन काढलं, वर तीर्थ ओतलं आणि ओल्या फडक्यात बांधून वस्तरा शेजारच्या नरसिंहण्णांच्या हाती रात्रभर सांभाळायला दिला.

"तीर्थ विटाळलं," बुवा पुटपुटले.

सकाळी सगळ्यांसमोर नरसिंहण्णांनी गाठ सोडली. पातं तांबडं होतं. बुवा आलेच नाहीत.

"हा गंज आहे," पद्मावती म्हणाली. "लिंबू चिरून विळी न धुता ठेवली तर तीही तांबडी होते. तेव्हा आपण आत्मा शोधतो का?"

अंबुबाईंनी वस्तरा उचलला, पात्याकडे बराच वेळ पाहिलं.

"राख आण स्वल्प. आणि तेल. त्यांना हे खपलं नसतं." पातं घासता घासता त्या हळूच म्हणाल्या, "पेज असेल तर दे."

दुःख खरं असतं. म्हणून त्याचा कुणीही सांगितलेला अर्थ खरा ठरत नाही. डाग दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: ओलं कुणी केलं?