व्याह्यांना लागलेला फोन

केशोरावांच्या मोबाइलचं पाचाचं बटन दबत नव्हतं. बाकी फोन चांगला होता. त्यांचा मुलगा भूपेंद्र नागझिऱ्याच्या अभयारण्यात गाईड होता. तिथल्या एका पर्यटकाकडून त्याने तो जुना फोन घेतला आणि २००५ च्या दिवाळीत वडिलांच्या हाती ठेवला. देवरीकडच्या त्या गावात तेव्हा दुसरा मोबाइल नव्हता.

फोनमधली सगळी अक्षरं इंग्रजी, त्यामुळे केशोरावांना नंबर साठवता येत नसे. भूपेंद्रने स्वतःचा नंबर तेवढा घालून दिला होता. पण तो दिवसभर जंगलात, आणि जंगलात रेंज नाही. मग भूपेंद्रनेच एक युक्ती शिकवली. ज्याचा फोन येतो त्याचा नंबर आत राहतो, तो शोधायचा आणि हिरवं बटन दाबायचं. मात्र असे दहाच नंबर राहत. अकरावा आला की सगळ्यात जुना जायचा.

चंद्री म्हैस गाभण होती. जनावरांचे डॉक्टर उमेंद्र यांचा फोन येऊन गेला होता, तो नंबर केशोराव जिवापाड जपत होते. पण दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस आले. गावात दंडारीचे खेळ, दुकानं, पाहुणे. गावातल्या सगळ्यांचे पाहुणे केशोरावांच्याच फोनवर फोन करू लागले.

"शामकलाबाईले बलावा जरा," असं कोणी म्हणालं की केशोराव ओरडत, "काऊन फोन करता रे बाबा? चिठ्ठी लिहा ना! माहा डाक्टर खाली सरकून रायला!"

पलीकडच्याला काही कळत नसे. तो पुन्हा फोन करून विचारत असे, काय सरकलं म्हणून.

मंडईच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, चंद्री अडली. पिल्लाचा एकच पाय बाहेर दिसत होता. चंद्री उठत होती, बसत होती, कण्हत होती. केशोरावांनी फोन काढला आणि नंबर पाहत गेले. डॉक्टर नव्हते. दहाच्या दहा पाहुणे होते. डॉक्टरांचा नंबर भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता, पण त्यात दोन पाच होते. भूपेंद्रला लावला, तर तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. ओळीने एकेका पाहुण्याला लावून पाहिलं. कोणी निघून एसटीत बसलेलं, कोणी उचलतच नव्हतं. चौकातला एसटीडीवाल्याचा फोन तर चार दिवसांपासून मुका होता; रस्ता खोदताना तार तुटली होती.

केशोरावांच्या पत्नी सुमित्राबाई भिंतीवरचे नंबर बोटाने बघत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"यात पाच नाई."

"कोनाचा हाय?"

"कुडव्याच्या इवायाचा."

केशोरावांनी फोन परत खिशात घातला. शालीकराम म्हणजे त्यांच्या लेकीचे, मंजूचे सासरे. तीन वर्षांपूर्वी लग्नात पिण्याचं पाणी थोडा वेळ कमी पडलं होतं, तेव्हा भर मांडवात ते म्हणाले होते, "तलाव बांधनाऱ्यायच्या घरी वरात तहानली!" केशोरावांच्या पणज्याने गावचा तलाव बांधलेला. त्यांनी त्या दिवसापासून व्याह्यांशी बोलणं टाकलं होतं. शालीकरामांनीही पुन्हा गावात पाऊल ठेवलं नव्हतं.

चंद्री पुन्हा कण्हली. केशोरावांनी नंबर दाबला.

"हॅलो, कोन?"

"मी केशोराव बोलून रायलो."

पलीकडे खाट करकरली. मग, "मंजूले देऊ काय?"

"नाई, तुमच्याशीच काम हाय. म्हैस अडली. देवरीच्या डाक्टरले फोन लावा लागते, आन् माह्या फोनचा पाच दबत नाई."

"काय दबत नाई?"

"पाच! पाच!"

"पाच पाय हाय पिल्लाले?"

"अरे, पायाचं नाई, बटनाचं सांगून रायलो!"

शेवटी नंबर समजला. पाच मिनिटांत फोन वाजला. "डाक्टर निंगाला. कोनी पाय वढू नोका म्हने." केशोरावांना थोडा धीर आला. पण मग दर दहा मिनिटांनी फोन वाजू लागला. आला काय डाक्टर? चंद्रीले पानी पाजलं काय? उभी हाय का बसली?

"त्यायले सांगा," सुमित्राबाई वैतागून म्हणाल्या, "म्हैस हाय, तिले फोनवर नाई बसवता येत."

लोडशेडिंगमुळे वीज नव्हती आणि बॅटरीची एकच काडी उरली होती. तरी केशोराव प्रत्येक वेळी फोन उचलत होते आणि सगळं बारीकसारीक सांगत होते.

डॉक्टर मोटारसायकलवरून आले. बाही वर करून त्यांनी आत मुडपलेला पाय सरळ केला. अर्ध्या तासात काळीभोर, ओली वगार गवतावर पडली आणि शिंकली. तेवढ्यात फोन वाजला. केशोरावांनी तसाच चिकट हात लावला.

"हॅलो इवाई, झा—"

फोन बंद पडला.

कुडव्यात शालीकरामांना तेवढंच ऐकू आलं. आवाज रडवेला वाटला. त्यांनी सात-आठ वेळा लावून पाहिला. मग मंजूला म्हणाले, "चल पोरी, तुह्या बापाची म्हैस गेली." आणि स्कूटर काढली.

दिवस कलता कलता ते अंगणात येऊन उभे राहिले. केस धुळीने पांढरे, हात जोडलेले.

"इवाई, लय वाईट झालं."

"काय वाईट?" केशोरावांनी विचारलं.

मंजू गोठ्यात डोकावली आणि हसत सुटली. वगार आईच्या पोटाखाली डोकं घालून ढुशा देत होती. शालीकराम बघतच राहिले. मग मटकन खाटेवर बसले.

सुमित्राबाईंनी पाण्याचा तांब्या दिला. शालीकरामांनी तो एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "गोड हाय पानी." केशोराव आत जाऊन दुसरा तांब्या घेऊन आले.

गूळ घालून शिजवलेला चीक शालीकरामांनी तीन वाट्या खाल्ला. परत जायला उशीर झाला म्हणून राहिले. सकाळी मंजूला मोठमोठ्याने भांडण ऐकू आलं. ती हातातली भाकर टाकून पळत गोठ्यात गेली.

"लक्ष्मी काऊन? गावात चार लक्ष्म्या हाय!" तिचे वडील म्हणत होते.

"मंग काय नाव ठेवता, सांगा ना तुमीच!" सासरे म्हणत होते.

दोघेही वगारीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते, आणि दोघांचाही एकेक हात तिच्या पाठीवर होता.

"मामाजी, मंडई पाहून जायचं ना?" मंजूने सासऱ्यांना विचारलं.

"थांब न व, पोरी," शालीकराम म्हणाले, "आधी हिचं नाव तं ठरू दे."