अळणी डबा

मनुबाईने सलाईनच्या सुईवरची चिकटपट्टी नखाने उचकटायला घेतली, तसा दयारामने तिचा हात धरला.

"ह्यात मीठ न्हाय ना?" वर टांगलेल्या बाटलीकडे बघत तिने विचारले.

"न्हाय गं आई. औषध हाय नुसतं."

खोटे बोलणे त्याला जड गेले नाही. तिच्या अंगातले मीठ फार खाली उतरलेय, म्हणून हातापायांत त्राण नाही, बोलण्यातही घोळ होतोय, असे डॉक्टरांनी सकाळीच सांगितले होते. वर विचारलेही होते, "यांना मीठ बंद करायला कुणी सांगितलं?" म्हातारीचे जेवण वेगळे शिजते, एवढेच दयारामला ठाऊक. पंधरा ट्रेलरांच्या मालकाने असल्या गोष्टीत कशाला डोके घालायचे!

स्वयंपाक करणारी नीराबाई दोन डबे घेऊन अलिबागच्या त्या दवाखान्यात पोचली, तेव्हा मनुबाईचा डोळा लागला होता. दयारामने नीराबाईला बाहेर नेऊन विचारले,

"आईच्या जेवणात मीठ घालू नको, असं कोण म्हणालं तुला?"

"त्याच." नीराबाईने मान खाली घातली. "माघी पुनवेपासनं. देवाला नवं मीठ पोचलं न्हाय, तवर मला चालायचं न्हाय म्हनल्या."

"तीन महिने! आणि मला सांगितलं नाहीस?"

"नको म्हनल्या. त्याला आठवंल तवा आठवंल, म्हनल्या."

दयारामच्या लहानपणी माघी पौर्णिमेला घरच्या मिठागरातले पहिले मीठ बांधावरच्या देवाला जायचे. ते पोचेपर्यंत घरात सगळ्यांचे अळणी. बाप कोंडाजी ओंजळीत मीठ घेऊन अनवाणी पुढे, पोरे मागे. शेंदूर लावलेल्या दगडापुढे ओंजळ रिकामी करून तो एवढेच म्हणायचा, "तुझं तुला." मग घरी आई प्रत्येकाच्या ताटात चिमूटभर मीठ वाढायची आणि पोरे भाताआधी तेच चाटून टाकायची.

यंदा त्याच दिवशी मिठागरावर टाकलेल्या भरावाची, ट्रेलरांच्या नव्या यार्डाची पूजा होती. देवाचा दगड उचलून फाटकाशी संगमरवरी देवळात बसवला होता. देवाला घर बांधून दिले, असे दयाराम चारचौघांत सांगे. पाटीवर त्याचे नाव देवाच्या नावापेक्षा मोठे होते.

तो तडक यार्डात गेला. भर उन्हात भरावाच्या कडेकडेने फिरला, वाकून नखांनी मुरूम उकरला. कुठे मिठाची एखादी पांढरी खपली मिळते का ते बघत होता. मिळाली नाही. त्यानेच बजावून तीनदा रोलर फिरवून घेतला होता.

"शेठ, काय हरवलं?" एका ड्रायव्हरने विचारले.

"काय न्हाय," म्हणून तो देवळापाशी आला. रिकामे हात जोडायची त्याला लाज वाटली. पाटीकडे न बघताच तो गाडीत बसला.

दवाखान्यात नीराबाईने त्याचा डबा उघडला. सुकटीचा वास सुटला. दयारामने तो बाजूला सारला.

"आईच्या डब्यातलं वाढ."

"अळणी हाय, शेठ."

"वाढ."

घास तोंडात फिरत राहिला. असले जेवण आई तीन महिने एकटी जेवत होती आणि आपण त्याच घरात होतो. त्याने मान वर केली. मनुबाई जागी होती. तिची नजर त्याच्या ताटावर होती.

"आठवलं?" तिने विचारले.

त्याने मान डोलावली.

तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला.

"मंग जा की," ती म्हणाली. "देवाला नवं मीठ घेऊन जा. मी थांबते जेवायची."