बत्तीस हजारांच्या पुढचे खण

वैजनाथने रोमन अक्षरांत ‘उचल’ असा शब्द टाइप केला आणि एन्टरची कळ दाबली. काळ्या पडद्यावर एक आकडा उमटला. त्याने ‘टाक’ लिहिलं, आकडा गेला. दोन नवे आकडे देऊन ‘पालट’ लिहिलं. दोघांनी जागा बदलल्या. त्याने दोन्ही हात कळफलकावरून काढून मांडीवर ठेवले.

दुपारचे दोन वाजले होते. अकरावीची बॅच सुटली होती, बारावीची चारला यायची होती. मधल्या वेळात क्लासच्या परीक्षा-खोलीत कुणी नसायचं. भंगारात काढलेली सात जुनी मशीनं भिंतीला लावून ठेवली होती, त्यातलंच एक त्याने टेबलावर मांडलं होतं. क्लासचे संगणक सांभाळणाऱ्या बबिताताई दारात येऊन थांबल्या.

“सर, त्याच्यावर काय करून राहिलेत? त्याच्यात विंडोज चालत न्हाई आता.”

“दुसरं चालतंय. पाटी म्हणतात त्याला. कुणीतरी घरी बसून बनवलंय.”

“कशापाई?”

“हौस.”

“आपल्या कामाचं हाय का?”

“नाही,” वैजनाथ म्हणाला. “आपल्या कामाचं नाही.”

खरं तर तो कामासाठीच शोधायला निघाला होता. या मशीनांवर सराव परीक्षा घेता आल्या तर ती फेकावी लागणार नाहीत, म्हणून एखादी हलकीफुलकी संगणक-प्रणाली कुठे मिळते का, हे तो इंटरनेटवर पाहत होता. शोधता शोधता एका साध्या पानावर येऊन पोचला. पाटी ही प्रणाली जगभरात मिळून दहा-बारा जण वापरत होते. ती फोर्थ नावाच्या भाषेत लिहिलेली होती. त्या भाषेत आकडे एकावर एक चवड लावून ठेवतात, भाकरींसारखे. शेवटी ठेवलेला आधी उचलायचा. बाकी सगळे शब्द. जुन्या शब्दांतून नवा शब्द बनवायचा, त्यातून पुढचा, आणि असं करत करत अख्खी प्रणाली उभी राहते. ती भाषा आता फारसं कुणी शिकत नाही, शिकवत नाही.

पानावर शब्दांची यादी होती. उचल, ठेव, टाक, पालट. पोलंडमधल्या एका माणसाने खाली इंग्रजीत विचारलं होतं, हे शब्द कोणत्या भाषेतले?

वैजनाथला ते विचारायची गरज नव्हती. ते शब्द १९९१ साली नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये, वहीच्या मागच्या पानावर, त्याने आणि त्याचा तेव्हाचा मित्र गुरुपादप्पा याने मिळून ठरवले होते.

दुसऱ्या दुपारी त्याने प्रणालीतली माहितीची पानं एकेक करून उघडली. सगळी गुरुपादप्पाने लिहिलेली. पडदा कसा रंगवायचा, कळा कशा वाचायच्या. तेवीस वर्षं हा माणूस थोडं थोडं लिहीत राहिला होता. सगळ्यात शेवटी डिस्कचं पान होतं. डिस्कवरची जागा खणाखणांत वाटून कुठल्या खणात काय आहे याची नोंद ठेवणारा तो भाग. त्या पानाच्या माथ्यावर चार ओळी होत्या.

हा भाग माझा मित्र वैजनाथ याने लिहिला. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात तो गेला. त्याचं काम जसंच्या तसं ठेवलं आहे. यात कुणी बदल सुचवू नये.

वैजनाथने त्या ओळी दोनदा वाचल्या. मग मशीन बंद केलं, खुर्ची आत सरकवली आणि चारच्या बॅचला गेला. फळ्यावर गणित मांडताना अधिकच्या जागी उणे पडलं. पहिल्या बाकावरच्या मनतशाने हात वर केला, “सर, ते उणे कुठून आलं?” त्याने फळ्याकडे पाहिलं आणि नुसती ती एक खूण पुसायची सोडून सगळा फळाच पुसून काढला.

ज्यांनी पाटी वापरली त्या सगळ्यांची तक्रार एकच होती. डिस्क मोठी असली की काही फाइली हरवतात. वैजनाथला कारण शोधायला दोन दुपारी लागल्या. त्याने खणांचे क्रमांक ज्या मापात बसवले होते, त्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे गेलं की आकडा उणे व्हायचा, आणि उणे क्रमांकाचा खण तर असतच नाही. कॉलेजच्या मशीनची डिस्क वीस एमबीची होती. तेव्हा एवढे खण होते कुणाकडे? चूक त्याची होती, एकविसाव्या वर्षी केलेली, आणि वीस वर्षं लोक तिच्याशी जुळवून घेत आले होते. तक्रार आली की गुरुपादप्पा दर वेळी तेवढंच उत्तर द्यायचा: लहान डिस्क वापरा.

दुरुस्ती सात ओळींची होती. वैजनाथने ती लिहिली, चार वेळा तपासली आणि नव्या ईमेल पत्त्यावरून पाठवून दिली. खाली नाव घातलं नाही. ‘लातूरचा एक वापरकर्ता’ एवढंच लिहिलं.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. गुरुपादप्पाने लिहिलं होतं: दुरुस्ती बरोबर आहे. पण हा भाग माझ्या मित्राचा आहे. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात मी त्याला लागू देणार नाही. क्षमस्व.

सोमवारी वैजनाथने क्लासचे मालक श्रीमंत सर यांना फोन करून सुट्टी मागितली. अकरा वर्षांतली दुसरी. “तब्येत बरी हाय ना?” सरांनी विचारलं. “हाव,” तो म्हणाला आणि उदगीरच्या एसटीत बसला.

गुरुपादप्पाचं तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, वडिलांपासूनचं आडत दुकान होतं, हे वैजनाथला माहीत होतं. हरभऱ्याची आवक सुरू होती. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत तो आतल्या काचेच्या खोलीपाशी पोचला. टेबलावर तराजूच्या पावत्या आणि त्यांच्याशेजारी एक संगणक, काळा पडदा. मागे बसलेल्या माणसाच्या डोक्यावर केस उरले नव्हते. त्याने मान वर केली.

“ये,” गुरुपादप्पा म्हणाला. “बस. पाणी घे.”

वैजनाथ बसला. पेला हातात घेतला, पण प्याला नाही.

“तुला माहीत होतं, मी जिवंत हाय ते?”

“तुझं पत्र आलं तवा कळलं. नाव घातलं न्हाईस. पण दर शब्दामागं तीन जागा मोकळ्या सोडणारा माणूस मी जन्मात एकच बघितलाय.” त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तीन दिस उत्तर द्यायला हात उचलंना.”

“मग नको का म्हणलास?”

“हो म्हणलो असतो तर आला असतास?”

बाहेर हमाल पोती मोजत होते. त्यांचे आकडे सुरात आत येत होते.

“मी आलतो तुझ्या गावाला,” गुरुपादप्पा म्हणाला. “चौथ्या दिवशी. गणपतीला गावी गेलास ते ठाऊक होतं. ज्याला विचारावं तो म्हणायचा, ते घर गेलं सगळं. काय करावं ते उमजंना. तासभर बसलो असंन कुठंतरी. मग निघालो.”

“तासभर नाही.”

“काय?”

वैजनाथ पेल्यातल्या पाण्याकडे पाहत होता. “दहाच्या सुमारास दुधाच्या गाडीतून उतरलास. चार वाजता परत गेलास. मधला सगळा वेळ शाळेच्या कट्ट्यावर बसला होतास. तुझ्या एका पायात चप्पल नव्हती.”

गुरुपादप्पाचा हात चष्म्याकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

“कुठं होतास तू?”

“समोरच्या तंबूत. वीस पावलं असतील. विसर्जन करून देवळाच्या ओट्यावर झोपलो, म्हणून वाचलो.”

“सगळा येळ बघत होतास?”

“हाव.”

गुरुपादप्पा उठला. काचेपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे दोनदा वर आले, खाली गेले. वळला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता.

“हाक मारायची की, लेका! एक हाक!”

“मारली असती तर तू पहिल्यांदा विचारलं असतंस, घरचे कसे हायेत. तोवर मला कुणी ते विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीतच होतं. तुला ते तोंडानं सांगावं लागलं असतं.” त्याने पेला दुसऱ्या हातात घेतला. “नंतर मामानं लातूरला नेलं. तिथंही ज्यानं त्यानं मामालाच विचारलं.”

दारावर थाप पडली. लिंबाजी हमालाने डोकं आत घातलं. “मालक, गाडी लागली. भरायला घ्यायची का?”

“थांबव.”

“किती येळ?”

गुरुपादप्पाने दार आतून लोटून घेतलं. मग टेबलामागच्या आपल्या खुर्चीकडे न जाता कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि वैजनाथच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला.

“कोन कोन होतं घरी, वैजा?”

वैजनाथने पेला खाली ठेवला.

“आई,” तो म्हणाला.