जागेवरचा मणका

“सरकलाय असं कोणी सांगितलं, आंटी? मणका तर एकदम जागेवर आहे,” डॉक्टर भार्गवी एक्स-रे उजेडाकडे धरत म्हणाली. अलका बाथरूममध्ये घसरली म्हणून तिचा नवरा मधुकर तिला फ्रीगंजच्या या दवाखान्यात घेऊन आला होता. “मुका मार आहे बस. या मणक्याचं मागचं टोक तेवढं जन्मापासून तिरपं आहे. वरून बोट फिरवलं की वाटतं, मणकाच सरकला. खूप लोकांचं असतं. त्याने काही बिघडत नाही.”

“सासूबाई म्हणाल्या होत्या,” अलका म्हणाली. “निखिल झाला तेव्हा.”

माई वाईट असत्या तर बरं झालं असतं, मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या. पण गल्लीतल्या साऱ्या बाळंतिणींना माईच तेल लावायच्या, त्यांच्या हाताला गुण होता. अलकाच्या कमरेवर त्यांचं बोट अडकलं आणि त्या घाबरल्याच. “पोराला उचलू नकोस गं बाई, लुळी पडशील.” बाळंतपणात कंबर कुणाची दुखत नाही? पण अलकाच्या दुखण्याला तेव्हापासून कारण मिळालं. निखिल रडला की जाऊ उचलायची. तिला, रजनीला, मूल नव्हतं. निखिल बोलू लागला तो रजनीलाच आई म्हणत, आणि त्याला जन्म देणारी अलका घरात ‘अलकाई’ झाली. बिचारीची पाठ, काय करणार, असं सगळे म्हणायचे. तीही म्हणायची.

ऑटोत मधुकर खुशीत होता. “चल, टेन्शन खतम! काहीच निघालं नाही.”

“काहीच नव्हतं, तर माझं पोर का गेलं हो?”

“गेलं कुठे? घरातच तर आहे.”

तिला संताप आला होता, आणि ज्यांच्यावर काढायचा त्या माई केव्हाच वारल्या होत्या.

घरी निखिलची मुलगी इशिता सोफ्यावर झोपली होती. अलकाने पर्स ठेवली, वाकून तिच्या मानेखाली हात घातला आणि तिला छातीशी घेतलं. पोरगी मुळीच जड नव्हती.

इशिताने डोळे उघडले आणि ती घाबरून पाय झाडू लागली. “सोड ना अलकाई! तुझी पाठ तुटेल! आज्जी, तू घे ना!”

स्वयंपाकघरातून रजनी हात पुसत धावत आली. अलकाने पोर तिच्या हातात दिली.